बदलापुरात पुन्हा घोडे बदलले

ऐकलंत का? बी विंगवाल्यांनी गाडीचं ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल करून घेतलं! उलटं नव्हे हो, हेच. अख्खं बदलापूर काटई रोडच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून गुडघे झिजवतंय, आणि चार वर्षांपूर्वी ‘डावा पाय रिटायर झाला’ म्हणून सोसायटीत पेढे वाटणारे हे गृहस्थ त्याच पायाला पुन्हा कामावर घेतायत! पूर्वी इथे घोडे बदलायचे म्हणून गावाचं नाव बदलापूर, असं सांगतात. पण बदललेला घोडा परत मागितल्याचं काही कुणी सांगत नाही.

आणि गंमत म्हणजे ती गाडी पुरती ऑटोमॅटिक नव्हतीच मुळी, एएमटी होती! २०१४ साली मारुतीची सेलेरिओ स्वस्तातली एएमटी घेऊन आली, तेव्हापासून लोकांना वाटतं आत काहीतरी जादू आहे. कसली जादू! आत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, क्लचही तोच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला अ‍ॅक्च्युएटर नावाचा गडी ठेवलेला, आणि त्या गड्यावर हुकूम सोडायला एक कॉम्प्युटर. यांचा गडी आजारी पडला. दुरुस्तीचा आकडा ऐकून यांच्याही छातीत धस्स झालं. तेवढ्यात अंबरनाथ एमआयडीसीतल्या मेहुण्याने कान फुंकले, “गड्यालाच काढून टाका की!”

झालं! गाडी गेली उल्हासनगरला, कॅम्पातल्या एका गॅरेजात. ‘मेड इन यूएसए’तला यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद ज्या गावाने पचवला, तिथे दोन पेडलांची तीन करायला कितीसा वेळ! मी लेहेंग्याच्या खरेदीला गेले होते, मुद्दाम डोकावले. डॅशबोर्डखाली एक पोरगा उलटा शिरलेला, बाहेर नुसत्या चपला. ब्रेकचं ते ऐसपैस पेडल काढून फरशीवर टाकलेलं. भंगारातल्या गाडीची तीन पेडलं, क्लचची केबल, गिअरचा दांडा, सगळं वर्तमानपत्रावर मांडलेलं, जणू रुखवत! जोडणी झाली तर कॉम्प्युटर रुसला. आपला गडी दिसेना म्हणून गाडी सुरूच होऊ देईना. शेवटी तो कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयूसुद्धा मॅन्युअलवाल्या गाडीचा आणला. सीव्हीटी ऑटोमॅटिकवाल्यांनो, तुम्ही तर या वाटेला जाऊच नका, तुमचा अख्खा गिअरबॉक्सच उतरवावा लागेल.

बरं, कायदा? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ रचनेत मालकाने मनाला येईल तसा फेरफार करायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बजावलंय. आरटीओला, विम्यावाल्यांना कळवलंत का, विचारलं तर साहेब आकाशाकडे बघायला लागले. वर त्यांचे चिरंजीव मलाच ऐकवतात, “काकू, पोर्शेनेसुद्धा २०१३ मध्ये जीटी३चं मॅन्युअल बंद केलं आणि २०१७ मध्ये परत आणलं!” अरे बाळा, त्या गाड्या शर्यतीच्या. तुझे बाबा कात्रपला भाजी आणायला जातात!

खरी पंचाईत वहिनींची. त्या गाडी शिकल्याच दोन पेडलांवर. परवा पुलाच्या चढावर साहेबांनी गाडी तीनदा बंद पाडली, मागे रिक्षावाले पेटलेले. वहिनी शांतपणे उतरल्या आणि चालत घरी आल्या. काढलेला अ‍ॅक्च्युएटर त्यांनी फडक्यात गुंडाळून शू-रॅकवर ठेवलाय. भंगारवाला दोनदा मागून गेला. देत नाहीत.