कात टाकण्याची शास्त्रोक्त पद्धत (होतकरू सापांसाठी)

कात टाकणे ही वार्षिक बाब नव्हे; नागपंचमीला जोडून उरकून घेऊ, असा बेत आखू नये. वाढत्या वयात ती वरचेवर टाकावी लागते, पोक्तांचे वर्षाकाठी थोडक्या खेपांत भागते. पहिली पाळी जन्मानंतर थोड्याच दिवसांत येते. तेव्हा आईला विचारू म्हणाल, तर ती केव्हाच निघून गेलेली असते.

मुहूर्त डोळ्यांवरून ओळखावा. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साचतो, डोळे दुधाळ निळसर होतात, धड दिसेनासे होते. भूक मरते, चिडचिड वाढते. भेटीगाठी बंद ठेवाव्यात. कोणी डिवचलेच तर एक फूत्कार पुरे. पुढे डोळे निवळतात. तेवढ्यावर ‘झालो बरा’ म्हणून हिंडायला निघू नये, खरे काम अजून व्हायचे असते.

सुरुवात ओठांपासून. शेपटीकडून आरंभ करण्याचा आगाऊपणा करू नये. हात नाहीत ही सबब चालणार नाही. दगड आहेत, खडबडीत बुंधे आहेत. त्यांवर तोंड घासावे, कातीची कड सुटली की ती कुठेतरी अडकवावी आणि पुढे सरकत राहावे. पायमोजा उलटा काढावा तशी कात मागे सुटत जाते. डोळ्यांवरची पारदर्शक झापडेही तिच्यासोबत निघाली पाहिजेत. (पापण्या नाहीत, त्याची ही भरपाई.) हवा कोरडी असली की नेमकी हीच चिकटून बसतात, आणि शेपटीचे टोकही. तिथे जुन्या कातडीचे कडे आवळून राहिले तर रक्त पोचत नाही, टोक वाळून गळते. म्हणून आधीच ओलसर जागा गाठावी. इथे आळस फार महागात पडतो.

टाकलेली कात तुमच्यापेक्षा लांब भरते, कारण खवल्यांमधल्या घड्या उलगडून ताणल्या जातात. गावकरी तीवरून तुमची लांबी ठरवतील आणि पदरचे दोन फूट घालतील. खोडून काढू नये.

पाल आपली कात खाऊन टाकते. तुम्ही तो कंजूसपणा करू नये. बरकत येते म्हणून काही माणसे ती पैशांच्या पेटीत ठेवतात. नखेही केराटिनचीच, पण ती कोणी तिजोरीत जपलेली नाहीत. तेव्हा कात सुटेल तिथे सोडावी आणि उंदरांच्या मागे लागावे. एवढ्या उपासानंतर भूक सणसणीत लागलेली असते.