मागच्या बाकासाठी सोन्याची वेदी

महाराष्ट्रातल्या कॉलेजांची शैक्षणिक सहल गोव्याला निघते, तेव्हा शिक्षणाचा सगळा भार जुने गोवे एकट्याने उचलतं. बाकी कळंगुट, मिरामार आणि काजू खरेदी. प्राचार्यांच्या सहीसाठी गेलेल्या अर्जात बॉम जेझूस बासिलिका पहिल्या क्रमांकावर असते, बसच्या वेळापत्रकात तिला अर्धा तास मिळतो. तेवढ्यात निम्मा वर्ग ‘बॉडी कुठाय?’ विचारतो आणि उरलेला निम्मा स्वच्छतागृह. वर्गात वसईचा एखादा डिसोझा असेल तर त्याला फुकटचा गाईड समजून सगळे त्याच्या मागे लागतात. तो बिचारा स्वतःच पहिल्यांदा आलेला असतो. मग कुणीतरी कपाळावर आठ्या घालून म्हणतं, या पिढीला धर्मकलेची जाणच नाही. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. ही कला जाणकारांसाठी नव्हतीच. ती मागच्या बाकावर बसून जांभया देणाऱ्यासाठी घडवलेली होती, आणि हा प्रेक्षक आजही बस भरभरून येतो.

पुरावे दगडात आणि लाकडात आहेत. युरोपात प्रॉटेस्टंटांनी चर्चमधल्या मूर्तींवर हातोडे चालवले, तेव्हा ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली ठामपणे सांगितलं की चित्रं आणि मूर्ती राहणार, कारण सामान्य माणूस त्यांतूनच धर्म शिकतो. बासिलिकेचं बांधकाम सुरू झालं ते त्यानंतर, १५९४ मध्ये. १६०५ मध्ये तिचं पवित्रीकरण झालं. आतला मंडप एकसंध आहे. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा नाहीत, त्यामुळे खांबाआड लपून डुलकी काढायची सोय ती बांधणाऱ्या जेझुइट धर्मगुरूंनी ठेवलेली नाही. प्रवचनाचं पीठ वेदीपाशी नसून मंडपाच्या भिंतीला उंचावर बसवलेलं आहे, म्हणजे मागे बसलेलाही आवाजाच्या टप्प्यात येतो. आणि समोर सोन्याने मढवलेली वेदी. चर्च बाळ येशूचं, पण बाळ पायाशी लहानसं, त्याच्यावर जेझुइटांचे संस्थापक संत इग्नेशियस अवाढव्य, त्यांची नजर वर, वर सूर्यासारखं तळपणारं येशूच्या नावाचं चिन्ह, त्याच्याही वर त्रैक्य. आपल्याकडच्या फ्लेक्सवर साहेब केवढे आणि कार्यकर्ते केवढे, हे ज्याला समजतं त्याला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. एक अक्षर न वाचता मान आपोआप वर जाते. तीच युक्ती फादर स्टीफन्स यांनी शब्दांत केली. जन्माने इंग्रज असलेल्या या जेझुइटाने बायबलची कथा दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांत सांगितली, आणि त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. कीर्तनाला बसलेल्या माणसाच्या कानाला ओवीची सवय आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

यावर पहिला आक्षेप सेल्फीचा. पवित्र स्थळी हा काय उच्छाद? उच्छाद खराच, पण भाविकांची जुनी कामगिरी तपासून पाहावी. ज्यांचा देह या बासिलिकेत चांदीच्या पेटीत ठेवला आहे, ते जेझुइट संत फ्रान्सिस झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले आणि १५५४ मध्ये त्यांचा देह गोव्यात आला. तेव्हा दर्शनाला आलेल्या एका बाईने पायाचं बोटच चावून तोडलं, असं परंपरा सांगते. पुढे १६१४ मध्ये उजव्या हाताचा भाग तोडून रोमला पाठवला, तो तर रीतसर अधिकृतपणे. त्यामानाने मोबाइल उंचावणारा बारावीचा पोरगा सोवळ्यातला म्हणायचा. माझी तक्रार वेगळी आहे: तो मोबाइल थोडा खाली धरत नाही. चांदीची पेटी उंचावर, सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. आणि खाली तोस्कानाच्या ड्यूकने पाठवलेल्या, फोज्जिनी या फ्लॉरेन्सच्या शिल्पकाराने घडवलेल्या संगमरवरी चौथऱ्यावर ब्रॉन्झचे उठावपट आहेत, त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. त्यांतल्या एकात झेवियर मरणशय्येवर आहेत. पेटीत जे पाहायला गर्दी लोटते, त्याची सुरुवात तिथे कोरलेली आहे.

दुसरा आक्षेप असा की ज्याची श्रद्धा नाही त्याला यातलं काय कळणार? गोव्यात हा प्रश्न विचारणंच धाडसाचं. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, लोक शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात, आणि तिच्या फेस्ताला हिंदूही तेल वाहतात. त्यांना ट्रेंटचा ठराव कुणी वाचून दाखवलेला नाही.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. या सोन्यामागे सत्ता होती. देवळं पाडली गेली. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं, आणि ते आणावं असं स्वतः झेवियर यांनी १५४६ मध्येच पोर्तुगालच्या राजाला लिहिलं होतं. मग विद्यार्थ्यांनी वेदीकडे पाहून ‘वा’ म्हणावं का? म्हणावं, फक्त त्याच दिवशीचा पुढचा पॉइंट डोळे उघडे ठेवून पाहावा. तो बहुधा मंगेशी असतो. हा देव मूळचा कुठ्ठाळीचा. १५६० मध्ये भक्तांनी त्याला नदीपार, तेव्हाच्या पोर्तुगीज हद्दीबाहेर प्रियोळला नेलं. पुढे अठराव्या शतकात तिथे मोठं देऊळ उभं राहिलं, तर त्यावर घुमट आला, कठडे आले, म्हणजे ज्यांच्या भीतीने पळालो त्यांच्याच इमारतींची ऐट. एकाच हकिकतीचे हे दोन तुकडे वेळापत्रकात ‘पॉइंट क्र. १’ आणि ‘पॉइंट क्र. २’ म्हणून छापलेले असतात, आणि मधल्या प्रवासात अंताक्षरी.

तेव्हा सहलीच्या अहवालात सनावळी मागू नये. मान कुठे वर गेली, का गेली आणि ती तशी जावी ही योजना कुणाची होती, एवढंच विचारावं. अडचण एकच: सनावळी एकमेकांच्या वहीतून उतरवता येते आणि न वाचता तपासताही येते. ही उत्तरं मात्र प्राध्यापकांना बसून वाचावी लागतील, त्यामुळे माझी सूचना विभागाच्या पहिल्याच बैठकीत बारगळेल, यात मला तिळमात्र शंका नाही.