गुरुजींचा दबा

फुलसावंगीत एसटीची वाट पाहणाऱ्यानं कधी एकटं उभं राहू नये. चहाच्या टपरीआड आमचे निवृत्त गुरुजी दबा धरून बसलेले असतात. घोळक्याच्या वाटेला ते जात नाहीत. कडेला उभा, हातात पिशवी, मोबाइलची बॅटरी संपलेली, असा माणूस ते अचूक हेरतात. ''बसा, एकच विचारतो,'' म्हणतात, आणि महागावची गाडी निघून जाते.

२०१८ साली राळेगाव-पांढरकवड्याकडे टी-वन वाघिणीचा शोध चालला होता, तेव्हा तर गुरुजींची सुगी होती. तिला भुलवायला परदेशी अत्तर वापरल्याच्या बातम्या येत होत्या. टपरीवर तेवढाच विषय. अशात कुणा पोरानं टीव्हीवरचा 'प्रिडेटर' उच्चारला, आणि सापडला.

''प्रिडेटर म्हणजे वाघ? कोण म्हणतो? लॅटिनात 'प्रेदा' म्हणजे लूट. प्रेदातोर म्हणजे लुटारू. माणूस! जनावरांना हे नाव फार उशिरा चिकटवलं. लूट आपली आणि बदनामी वाघाची!''

मग मराठीची झडती. ''श्वापद म्हणता? श्वा म्हणजे कुत्रा. कुत्र्यासारखे पाय असलेलं ते श्वापद. मांजराच्या कुळातल्या वाघाला कुत्र्याचे पाय! शिकारी म्हणाल, तर तो फारशीतून आलेला.'' एवढं होईस्तोवर दोन चहा झालेले असतात. पैसे ऐकणाऱ्यानं द्यायचे, हे ठरलेलंच.

वाघीण २ नोव्हेंबरला मारली गेली. गुरुजींचं लॅटिन मात्र चालूच राहिलं.

त्यांना एकच जण पुरून उरला. रात्रभर शेतात जागल करून आलेला, डोळे लालभडक, पायाला चिखल.

''गुर्जी, वाघ त भूक लागली का खाते न् निघून जाते. हे रानडुक्कर खाते मूठभर न् अर्धा एकर हरभरा लोळवून जाते. मंग तुमच्या लॅटिनात प्रिडेटर कोन?''

''शास्त्रानुसार पाहिलं तर...''

''शास्त्राचं राहू द्या. लुटते कोन?''

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांच्याच व्युत्पत्तीनं डुक्कर लुटारू ठरत होतं, आणि डुकरं मारणारा वाघ फुकटचा राखणदार.

''मंग भरपाईच्या अर्जात तसंच लिवून द्या.''

गुरुजी शब्दाचे पक्के. अर्जात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'प्रिडेटरने हरभऱ्याचे अतोनात नुकसान केले.' महिन्याभरात अर्ज परत आला. शेरा होता, 'वाघ हरभरा खात नाही. खुलासा करावा.'

शेतकऱ्यानं कपाळावर हात मारला. गुरुजी मात्र खुलले. सरकारनं स्वतःहून खुलासा मागितला, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी फुलस्केप कागदाचा दस्ता आणला आणि बैठक मारली. चौथं पान भरलं आहे. अजून रोमच चालू आहे, हरभरा यायचा आहे.