दसऱ्याचं मेण

गाडीवर मारलेलं मेण किती दिवस टिकतं, असं बीडमध्ये विचारलं की उत्तर वर्षांत येतं. एका वॉशिंग सेंटरवर मी विचारलं, तर पोरगा हातातला पाइप खाली न ठेवता म्हणाला, "दादा, कोटिंग मारा. तीन वर्षं बघायचं कामच नाही." यातलं दुसरं वाक्य शंभर टक्के खरं निघालं. बघितलं की त्रास होतो, न बघितलेलं बरं.

डब्यातल्या कार्नोबा मेणानं दोन महिने काढले तर त्याची पाठ थोपटावी. पॉलिमरचं सीलंट चार-सहा महिने चालतं. सिरॅमिक कोटिंगची बोली दोन ते पाच वर्षांची. पण हे सगळे आकडे गॅरेजमध्ये झोपणाऱ्या आणि चांगल्या पाण्यानं न्हाणाऱ्या गाड्यांचे. बीडच्या एमएच-२३ गाडीला सावली मिळते ती बाभळीची, आणि त्या बाभळीवर आधीच बगळ्यांचा मुक्काम असतो.

लोक उन्हाला दोष देतात. उन्हाचाही हात आहे, नाही असं नाही. पण कार्नोबा वितळायला ८० अंशांच्या वरची उष्णता लागते, मेमधल्या पांढऱ्या बोलेरोच्या बॉनेटवरसुद्धा तेवढी नसते. मेणाचा खरा वैरी सीटखाली घडी घालून ठेवलेला असतो. रोज सकाळी ड्रायव्हर ते कोरडं फडकं काढतो, एकदा हवेत झटकतो आणि टपापासून बंपरपर्यंत मन लावून फिरवतो. त्यात कालची धूळ असते, परवाची असते, बायपासच्या कामाची खडीपूडही असते. ह्याला पुसणं म्हणत नाहीत, काचपेपर मारणं म्हणतात. म्हणून आपल्याकडे मेणाचं वय महिन्यांत मोजूच नये. किती फडकी झाली, ते मोजावं.

परळीकरांचं प्रकरण आणखी वेगळं. सिरॅमिक कोटिंग म्हणजे मुख्यतः सिलिका. तिथल्या औष्णिक केंद्राच्या राखेतही बराचसा भाग सिलिकाच. म्हणजे राखेचा ट्रक पुढं चालला की मागच्या गाडीवर कोटिंग फुकटात चढतं. फक्त चकाकत नाही, एवढाच फरक.

आणि मेण मुळात असतं कशाला? कार्नोबाचं झाड हे ब्राझीलच्या ईशान्येकडचं, आपल्यासारख्याच दुष्काळी मुलखातलं ताडाच्या जातीचं झाड. आतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ते पानावर मेणाचा थर चढवतं. माणसं ती पानं कापतात, उन्हात वाळवतात, झोडपून भुकटी काढतात, आणि ती सात समुद्र ओलांडून बीडला येते. झाडानं पाणी धरून ठेवायला केलेली सोय आपण पाणी पळवून लावायला वापरतो. तेही टँकरचं.

एवढ्या लांबून आणायची गरजही नव्हती. मालदांडी ज्वारीच्या ताटावरून बोट फिरवा, पांढरी भुकटी लागते. तेही मेणच. उसाच्या कांड्यावरही असतं. आपल्या ऊसतोडीच्या कोयत्यावाल्यांनी त्याचा हात भरून अनुभव घेतलाय. ज्वारीला ते कुणी मारून देत नाही, पीक वाढतंय तोवर आतून येत राहतं. वॉरंटी कार्ड नाही, तरी रब्बी निभावते.

आपलं मेण मात्र दसऱ्याला चढतं. आधी मशीननं पॉलिश होतं. गाडी लखलखते, कारण मूळच्या क्लिअरकोटचा एक पापुद्रा खरवडून निघालेला असतो. तो थर आधीच केसाएवढा, दर दसऱ्याला थोडा कमी. मग मेण, त्यावर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूची माळ. परतीचा पाऊस सोडला तर थेंब कसे घरंगळतात हे बघायला मृग उजाडावा लागतो, म्हणजे जून. मधल्या आठ महिन्यांत एखादी निवडणूक आली की गुलाल आला, आणि गुलाल उतरवायला कुणीतरी कपड्याची पावडर बादलीत टाकतंच. तिच्यापुढं मेण टिकत नाही. मृगाचा पहिला थेंब बॉनेटवर पडतो आणि पत्र्यावर पसरतो. पाणी मोत्यासारखं न थांबता चादरीसारखं पसरलं की समजावं, मेण केव्हाच गेलं. आपण सुतक तेवढं आता पाळतोय.

आमच्या शेजाऱ्यांनी यावर उपाय म्हणून तीन वर्षांचं कोटिंग केलं. बोअरचं पाणी क्षारांचं. थेंब टुमदार उभे राहिले, उन्हात जागच्या जागी आटले आणि काळ्या बॉनेटवर पांढऱ्या गोल चकत्या सोडून गेले. कोटिंग जेवढं अस्सल, तेवढ्या चकत्या गोल! ते तक्रार घेऊन गेले. मीही सोबतीला होतो. काउंटरवरच्या माणसानं शांतपणे कार्ड उलटं केलं. मागच्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं: दर तीन महिन्यांनी इथंच, क्षार नसलेल्या पाण्यानं गाडी धुवावी, अन्यथा वॉरंटी रद्द.

"मग धुवा की," शेजारी म्हणाले.

"धुतलं असतं काका," तो म्हणाला, "पण पाणी परवा येणार. आलं की फोन करतो."