सनरूफ वजा करून सांगा

शोरूममधल्या विक्रेत्यांच्या लेखी गिऱ्हाइकं दोनच प्रकारची असतात. ‘बेस मॉडेल काढा, बाकीचं बाहेरून बसवून घेऊ’ म्हणणारी आणि ‘घ्यायची तर टॉप, नाहीतर आहे ती स्कूटर बरी’ म्हणणारी. आमच्या सोसायटीतले आबा दोन्हींत बसत नाहीत. त्यांना किंमत बेस मॉडेलची हवी असते आणि सुरक्षा टॉपची. असं मॉडेल कोणी काढत नाही. त्यामुळे आबा दारात दिसले की शोरूममधला मुरलेला माणूस चहाला जातो आणि नव्या पोराला पुढे करतो.

आबा वीज मंडळातून निवृत्त झालेत. खिशाला तांबडं पेन, पिशवीत निरनिराळ्या कंपन्यांची माहितीपत्रकं. ती ते शेवटच्या पानापासून वाचतात. पुढच्या पानांवर डोंगर, सूर्यास्त आणि हसणारं जोडपं असतं. कोणत्या व्हेरियंटला काय मिळतं आणि काय मिळत नाही, तो बारीक टायपातला तक्ता मागे असतो. आबांना जोडप्यात रस नाही. ते तक्त्यातल्या फुल्या मोजतात.

‘‘काका, हिचं सनरूफ नुसतं तोंडाने सांगितलं तरी उघडतं,’’ पोरगा उत्साहाने सुरुवात करतो.

‘‘मागच्या मधल्या सीटला थ्री-पॉइंट बेल्ट आहे?’’

‘‘तो वरच्या व्हेरियंटला आहे. त्यात सनरूफ येतं, अलॉय येतात, आतली रंगीत लाइट येते...’’

‘‘घसरणारी गाडी सावरणारं ईएसपी?’’

‘‘तेही वरच्याला.’’

‘‘मागच्या काचेचा वायपर?’’

‘‘तोही.’’

‘‘म्हणजे ताम्हिणीत पावसात मागचं दिसायला हवं असेल, तर आधी वरचं आभाळ बघायचे पैसे भरायचे?’’

पोरगा कसनुसं हसतो. ‘‘सनरूफला फार डिमांड आहे, काका.’’

‘‘असू दे. तू मला सनरूफ वजा करून सांग.’’

इथे कॅल्क्युलेटर थांबतो. कोटेशनमध्ये मिळवता सगळं येतं: हँडलिंग चार्जेस, वाढीव वॉरंटी, मड फ्लॅप, क्रोमची पट्टी. वजा काहीच होत नाही. आबांचा मुद्दा मात्र साधा असतो. ‘‘मंडळात असताना मीटरबरोबर फ्यूज हवा का, असं आम्ही गिऱ्हाइकाला विचारत नव्हतो. आणि फ्यूज हवा तर झुंबरही घ्या, असं तर कधीच म्हणालो नाही.’’

मग मॅनेजर येतो आणि शेवटचं अस्त्र काढतो: ‘‘काका, तुमच्यासाठी सीट कव्हर फ्री.’’ आबा खुर्चीवरून उठतातच. ‘‘अहो, साइड एअरबॅग सीटच्या बाजूला असते. तिच्यावर जाड कव्हर शिवून ठेवलंत, तर फुगायच्या वेळी ती काय तुमची परवानगी घ्यायला येणार आहे?’’ मॅनेजरही चहाला जातो.

लग्नाच्या पंगतीत आबांच्या शेजारी बसणाऱ्याने पोलोची गोष्ट ऐकण्याची तयारी ठेवावी. जानेवारी 2014 मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या आपटून पाहिल्या. पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य स्टार मिळाले. त्यात बिनएअरबॅगची फोक्सवॅगन पोलोही होती. तीच पोलो दोन एअरबॅगसह आपटली, तर चार स्टार! कंपनीने मग बिनएअरबॅगची पोलो विकणंच बंद केलं. ‘‘गाडी तीच, कारखाना तोच,’’ आबा जिलेबी हातात धरून म्हणतात, ‘‘फरक फक्त गिऱ्हाइकाच्या पाकिटाचा!’’ वाढपी पुढे निघून गेलेला असतो.

सरकारवर त्यांचा विश्वास आहे, पण तारखेवर नाही. ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची व्हायला 2019 उजाडलं, शेजारच्याची सगळ्या गाड्यांत यायला 2021 संपलं. जानेवारी 2022 मध्ये सहा एअरबॅगच्या सक्तीचा मसुदा निघाला, तेव्हा आबांनी बुकिंग थांबवलं. अंमलबजावणी आधी ऑक्टोबर 2022 ला होणार होती, मग ती 1 ऑक्टोबर 2023 वर गेली, आणि तो दिवस येण्याआधीच सक्ती करणार नाही असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरींनी सांगून टाकलं. तोवर काकू रिक्षाने फिरत होत्या. ‘‘एअरबॅग नसलेल्या रिक्षाने,’’ असं त्या आजही आवर्जून सांगतात. त्याच गडकरींनी 2022 मध्ये संसदेत एका एअरबॅगची किंमत 800 रुपये सांगितली होती. आबांनी ते कात्रण कोटेशनला टाचून ठेवलंय. सेन्सर, वायरिंग, चाचण्या यांचा खर्च ते उदारपणे धरतात, तरी दोन व्हेरियंटमधल्या फरकाचा हिशेब लागत नाही. उरलेल्या रकमेपुढे तांबड्या पेनाने लिहिलंय: ‘आभाळ’.

आबांचा भाचा अगदी उलट. त्याने डोळे मिटून टॉप मॉडेल घेतलं. सहा एअरबॅग त्याला सनरूफसोबत फुकट मिळाल्यासारख्या वाटतात. बेल्टचा बीप बंद करायला त्याने बकलमध्ये ती धातूची क्लिप खोचलीय, जी विकायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2023 मध्ये पाच ऑनलाइन कंपन्यांना मनाई केली. एक्स्प्रेस वेवर त्याचा मुलगा सनरूफमधून अर्धा बाहेर उभा राहून हात हलवतो. आबांनी हे पाहिलं तेव्हा ते प्रथमच सुरक्षेबद्दल काही बोलले नाहीत. नुसते भाच्याच्या सीटपर्यंत गेले, क्लिप उपसली आणि खिशात घातली.

आता दिवस पालटलेत. ऑक्टोबर 2023 मध्ये ह्युंदाईने आपल्या सगळ्या मॉडेलांत सहा एअरबॅग देण्याचं जाहीर केलं, 2025 मध्ये मारुतीची ऑल्टो आणि वॅगनआरही त्याच वाटेने गेल्या. आबा आता तरी गाडी घेतील म्हणून सोसायटीने पेढ्यांची आशा धरली. पण आबा शेवटचं पान उघडून बसलेत. समोर काही आलं की गाडी आपोआप ब्रेक लावते, ती सोय आता बऱ्याच गाड्यांत वरच्या व्हेरियंटला असते. तिच्यासोबत गार हवेच्या सीटा घ्याव्या लागतात. आबांनी नवं कोरं तांबडं पेन आणलंय.

आबा हेकट आहेत, शोरूमला नकोसे आहेत, आणि त्यांचा हिशेब बरोबर आहे. सनरूफची मागणी कंपन्यांना ऐकू जाते, कारण ती शोरूममध्ये मोठ्याने होते. बेल्टची, ईएसपीची, ब्रेकची मागणीही तिथेच आणि तेवढ्याच मोठ्याने करा; आणि गाडीचा रंग ठरवण्याच्या आधी करा.