अठ्ठावीस पॉइंट दोन

आपल्याकडे घर घेताना आग्नेय दिशा बघतात ती स्वयंपाकघरासाठी. दक्षिण फ्रान्सच्या कालव्यावर बोटीत राहणारा इंग्रज पेन्शनर आग्नेय बघतो ती बीबीसीसाठी. बोट कुठं बांधायची हे ठरवताना पाणी किती खोल आहे, पावाचं दुकान किती लांब आहे, शेजारच्या बोटीवर कुत्रा आहे का, हे सगळं त्याची बायको विचारते. साहेब तोवर टपावर चढलेला असतो. आग्नेयेकडे हात लांब करायचा, मूठ वळायची, क्षितिजापासून मुठीवर मूठ रचत वर जायचं. तीन मुठी आणि वर थोडं. तिथं पान हललं की निकाल लागला.

"इथं नाही. झाड आहे."

झाड असणारच. हा कनाल द्यु मिदी. तुलूजपासून भूमध्य समुद्राजवळच्या थो तळ्यापर्यंत २४० किलोमीटर; शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला त्या वर्षी याचं खोदकाम चालू होतं आणि १६८१ साली तो पुरा झाला. दोन्ही काठांना प्लेन वृक्षांच्या रांगा, त्यांची सावली, पाण्यात त्यांचं प्रतिबिंब. १९९६ साली युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून गौरवलेला हा देखावा बघायला जग येतं, आणि साहेबाच्या लेखी तो अडथळा आहे.

माझा मुलगा तुलूजला विमानाच्या कारखान्यात आहे. सूनबाईही नोकरीला. त्यामुळे मी उन्हाळ्यात गेले की दुपारी घरात एकटी, आणि ऊन उतरलं की सँ-सोव्हरच्या धक्क्यावर फेरी. तिथं बांधलेल्या बोटींत हा नमुना मला पहिल्यांदा भेटला. पुढं कालव्यावर जिथं जिथं गेले तिथं तो होताच. टोपीचा रंग तेवढा वेगळा. पण माझ्या ओळखीचा साहेब तो हाच. धक्क्यावर सगळे त्याला पाठीमागं 'ट्वेंटी-एट पॉइंट टू' म्हणतात. त्याच्या तोंडावरही म्हणतात, आणि त्याला तो सन्मान वाटतो.

कारण सगळा संसार त्या आकड्यावर उभा आहे. विषुववृत्तावर सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंच, २८.२ अंश पूर्व रेखांशावर, ॲस्ट्रा नावाच्या उपग्रहांचा एक ताफा आहे. ब्रिटनच्या सगळ्या फुकट टीव्ही वाहिन्यांची मांदियाळी तिथून खाली उतरते. पूर्वी बीबीसीच्या उपग्रहावरच्या प्रक्षेपणाला कुलूप असे आणि किल्ली म्हणून जे कार्ड लागे ते ब्रिटनच्या पत्त्यावरच मिळे. मग ज्याचा झोत जेमतेम ब्रिटनपुरता पडतो असा उपग्रह आला, आणि २००३ साली बीबीसीनं कुलूपच काढून टाकलं. सिनेमाचे, सामन्यांचे हक्क घेतलेले ब्रिटनपुरते, झोतही ब्रिटनपुरता; हिशेब चोख. पण वरून पाणी ओतलं तर ते बादलीच्या कडेला थांबत नाही. थोडं फ्रान्सवर सांडतंच. उत्तर फ्रान्समध्ये भरपूर, दक्षिणेकडे कमी कमी. साहेबाचं उत्तरायुष्य या सांडलेल्या थेंबांवर चाललंय. कालव्याकालव्यानं तो दक्षिणेला सरकत गेला तशी त्याची डिशची छत्री साठ सेंटिमीटरची ऐंशीची झाली. आता मीटरभराच्या छत्रीचं नाव निघालं की बायको स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा मोठ्यानं ठेवते.

तो मायदेशाच्या आठवणीनं व्याकूळ वगैरे आहे असा माझाही आधी समज झाला होता. तसं काही नाही. इंग्लंडचं नाव काढलं की तो पाऊस, महागाई, रस्त्यावरची गर्दी आणि स्वतःचा जावई अशा क्रमानं तक्रारी सांगतो. राहतं घर विकून त्यानं ही जुनी डच बनावटीची पोलादी बोट घेतली ती इंग्लंडपासून सुटण्यासाठीच. आणि सुटल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो इंग्लंडला दोरी लावून ओढतोय.

ओळख झाली ती छत्रीमुळेच. मी जाताना त्यानं वरून विचारलं, "तुम्ही इंडियन ना? मग हे तुम्हाला येत असेल." मी साताऱ्याला शाळेत भूगोल शिकवायचे. पण हा गृहस्थ टपावर ओणवा, बाई आत पडद्यासमोर आणि मध्ये हाका मारण्यापुरतं अंतर, हा देखावा मला परका कसा असेल? मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं आणि पुढं आमच्याकडे टीव्ही पोचला तेव्हा गच्चीवर काका, जिन्यात चुलतभाऊ, खाली काकू, अशी साखळी लावून आम्ही शनिवारच्या मराठी सिनेमाला घरात घेतलेलं आहे. मी जिन्यातली जागा घेतली.

"आलं का?"

"नाही."

"आता?"

"आलं! आलं, आलं... गेलं."

"मी हातसुद्धा लावला नाही!"

"म्हणूनच गेलं असेल."

हा संवाद जगात सगळीकडे एकच आहे. फरक इतकाच, की आमचे काका सिनेमा लागला की खाली येऊन बसायचे. साहेब खाली येत नाही. चित्र स्वच्छ दिसत असलं तरी त्याला 'क्वालिटी'चा आकडा हवा असतो. पडद्यावर दोन पट्ट्या असतात, एक जोर दाखवणारी, एक दर्जा दाखवणारी. बायकोला बातम्या बघायच्या असतात, साहेबाला पट्ट्या. दर्जा बहात्तर आहे, तो शहात्तर करता येईल, म्हणून तो छत्रीपुढचा एलएनबी नावाचा डोळा किंचित पिळतो, आणि बातम्या देणारी बाई चौकोनी चौकोनी होऊन जाते.

सगळ्यात वाईट वेळ येते ती चित्र येतं तेव्हा. साहेब हर्षभरित होऊन खाली धावतो आणि पडद्यावर कुणीतरी जर्मन भाषेत भाज्या चिरत असतं. २८.२ च्या पश्चिमेला नऊच अंशांवर १९.२ ला दुसरा ॲस्ट्रा ताफा आहे, धडधाकट, दांडग्या झोताचा, जर्मन वाहिन्यांनी खच्चून भरलेला. चुकून जरा उजवीकडे वळलं की तो लगेच हाताला लागतो. "पुन्हा जर्मनी," असं साहेब ज्या सुरात म्हणतो, त्या सुरात त्याच्या वडिलांच्या पिढीनं ते म्हटलं असणार.

शत्रू आणखीही आहेत. ओताँ नावाचा वारा तुलूजकडे आग्नेयेकडून येतो आणि दिवसचे दिवस वाहतो. तो माणसांना वेड लावतो असं इथले लोक पूर्वापार मानतात. छत्रीचं तोंड आग्नेयेला, वाराही आग्नेयेचाच. म्हणजे सरळ तोंडात. गावाबाहेर बोट बांधली की साहेब छत्री काठावर तिकाटण्यावर उभी करतो आणि तिकाटण्याखाली पाण्यानं भरलेली बादली टांगतो, वजनाला. ती बादली कुत्र्यांना फार आवडते. सायकलवाल्यांना केबल आवडते.

दुसरा शत्रू भाड्याच्या बोटी. फ्रान्समध्ये त्या चालवायला परवाना लागत नाही. अर्धा तास शिकवलं की सुट्टीवर आलेला कुणीही कप्तान. वेगमर्यादा ताशी आठ किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारच्या टांग्याहून कमी, पण तीही पाळत नाहीत. एक बोट भरकन गेली की लाट येते, साहेबाची बोट डुलते, आणि टपावरची छत्री दोन अंश हलली तरी इंग्लंड संपतं. त्या क्षणी तो दारात येऊन "दूस्माँ! दूस्माँ!" म्हणजे हळू, हळू, असं ओरडतो. इतकी वर्षं फ्रान्समध्ये काढून त्यानं कमावलेलं फ्रेंच ते एवढंच, पण उच्चार निर्दोष आहे.

झाडांबद्दल मात्र त्याचं मन दुभंगलेलं आहे. कालव्याकाठच्या बेचाळीस हजार झाडांना २००६ पासून एका बुरशीनं ग्रासलंय. त्यावर औषध नाही. रोगी झाड तोडून जाळायचं, एवढंच हातात. हजारो झाडं गेली. कार्कासोनच्या पुढचा तो उघडाबोडका पट्टा मीही पाहिला. नव्या रोपांच्या काठ्या आणि भगभगीत ऊन. साहेब त्याबद्दल बोलताना टोपी काढतो. खरंच हळहळतो. मग थोडं थांबून, आवाज उतरवून सांगतो, "पण तिथं दर्जा नव्वदच्या खाली जात नाही."

एवढं करून तो बघतो काय? हा प्रश्न मी बायकोला विचारला, कारण त्याला विचारणं बरं दिसलं नसतं. बाईंनी चहा ओतता ओतता सांगितलं: हवामान. भर उन्हात, उघड्या अंगानं, गार वाइनचा पेला हातात घेऊन साहेब इंग्लंडच्या नकाशावर ढग कुठून कुठं चाललेत ते बघतो. मध्यभागी पाऊस दाखवला की त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते सूर्यप्रकाशाला एकट्याला जमत नाही. इथलं ऊन चांगलं हे तिथल्या पावसाशिवाय सिद्ध कसं व्हायचं?

दुसरं, गावाकडच्या बातम्या. या फुकट वाहिन्या पकडणारा फ्रीसॅटचा डबा पहिल्यांदा लावताना तुमचा पोस्टकोड विचारतो आणि त्याप्रमाणे तुमच्या भागाची वाहिनी देतो. बोटीला कसला पोस्टकोड? साहेबानं विकलेल्या घराचा टाकला. तो आजही डब्यात आहे. त्यामुळे रोज संध्याकाळी तुलूजच्या धक्क्यावर त्या जुन्या गावच्या वळणरस्त्याचं काम रखडल्याची बातमी येते, आणि साहेब संतापतो. त्या रस्त्यानं तो पुन्हा कधी जाणार नाही. नगरपालिकेला त्यानं दोन पत्रं पाठवल्याचं बाई म्हणाल्या. उत्तर आलं नाही, कारण पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून त्यानं बोटीचं नाव आणि एका पाणदरवाज्याचा क्रमांक दिला होता.

इतिहासही त्याला मुखोद्गत आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत बीबीसी नव्या उपग्रहावर गेली, झोत आणखी आवळला गेला आणि स्पेनमधल्या किती इंग्रजांच्या छत्र्या नुसत्या पक्ष्यांना बसायला उरल्या, हे तो एखाद्या लढाईसारखं सांगतो. त्या ताफ्यातले नवे उपग्रह ज्या कंपनीनं बांधले तिचा मोठा कारखाना याच तुलूजमध्ये आहे. म्हणजे ज्यांनी झोत आवळला त्यांच्याच गावात हा पेला लावून बसलाय. त्यावर मीही माझं एक ज्ञान पाजळलं. या ताफ्यातला ॲस्ट्रा-२एफ सप्टेंबर २०१२ मध्ये ज्या एरियान रॉकेटनं वर गेला, त्याच रॉकेटमध्ये आमचा जीसॅट-१० होता. साहेब क्षणभर स्तब्ध झाला. मग त्यानं विचारलं, "तुमचा कुठं उतरला?"

"८३ अंश पूर्व."

त्यानं ताबडतोब आग्नेयेच्या डावीकडे मान वळवली, मुठी मोजायला हात उचलला, आणि क्षितिजाशीच अर्धी मूठ सुद्धा मिळेना तेव्हा मोठ्या सहानुभूतीनं म्हणाला, "फार खाली. तुमचे हाल आहेत."

मी सांगितलं, मी नातीच्या टॅबवर मालिका बघते. तो काहीच बोलला नाही. चांगल्या घरातल्या बाईनं असं करावं याचं त्याला वाईट वाटलं असावं. त्याचा स्वतःचा नातूही येतो तेव्हा हेच सांगतो, आजोबा, इंटरनेट घ्या, सगळं मिळतं. शेजारच्या बोटीनं तर स्टारलिंकची चपटी पाटी आणलीये. टपावर ठेवली की ती आपलं आपण आकाश शोधते. साहेब ती बघायला गेला, दोन्ही हात पाठीमागं बांधून. परत आल्यावर म्हणाला, "छान आहे. पण माणसानं करायचं काय?"

या प्रश्नाला शेजाऱ्याकडे उत्तर नव्हतं. शेजारी त्या वेळी फुटबॉल बघत होता.

ऑक्टोबरात एक पर्वणी असते. सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागून जातो आणि सकाळी साडेअकराच्या सुमाराला काही मिनिटं चित्र विस्कटतं. इतर लोक अशा वेळी डब्याला चापट मारतात. साहेब त्या दिवसांत खुर्ची टाकून टपावर बसतो. छत्रीवरून परतलेलं ऊन एलएनबीच्या तोंडावर बरोबर जागेवर पडलेलं बघतो, बायकोलाही बोलावून दाखवतो. छत्री अचूक लागल्याचा दाखला खुद्द सूर्यनारायणानं दिलेला. चित्र तेवढं नसतं.

आता मात्र हिशेब बदललाय. २०२१ पासून ब्रिटिश पासपोर्टवाल्याला, इथला रहिवासी परवाना नसेल तर, एकशेऐंशी दिवसांत नव्वदच दिवस राहता येतं. ज्या मतदानामुळे हे झालं त्याचा विषय धक्क्यावर कुणी काढत नाही. बोटी फार जवळजवळ बांधलेल्या असतात. साहेबानं परवाना काढला नव्हता, कारण त्या कचेरीत फ्रेंच बोलावं लागतं. नव्वद दिवस भरले की बोटीला कुलूप लावून तो इंग्लंडला मुलीकडे जातो. बीबीसीला फ्रान्समध्ये यायला अशी अट नाही, हे तो मला दोनदा म्हणाला.

मुलीच्या घरावर छत्री आहे. भिंतीला पक्की ठोकलेली, दर्जा कायम उत्तम, झाड नाही, लाट नाही. बाईंचा परवा निरोप आला. साहेब तिकडे टीव्ही बघत नाही. पहिला आठवडा तो नुसता खिडकीशी बसून होता. मग त्यानं गॅरेजमधून जुनी साठ सेंटिमीटरची छत्री शोधून काढली आणि बागेत तिकाटण्यावर उभी केली. खाली बादली. तोंड १९.२ कडे. तिथं जर्मन गर्दीत एकदोन फ्रेंच वाहिन्याही फुकट लागतात, आणि त्याला कालव्याकडची हवा कशी आहे ते बघायचंय. एक शब्द कळत नाही, पण दर्जा अठ्ठ्याऐंशी आहे. शेजाऱ्याचं बर्चचं झाड तेवढं जरा आड येतं. त्याबद्दल बोलणी चालू आहेत.