पुढच्या गाडीवाल्यास, मागच्या गाडीवरून

मित्रा,

तुझं नाव या पत्रात कुठंही येणार नाही. ज्यांनी तुला त्या रविवारी केळघर घाटात पाहिलं त्यांना ते ठाऊक आहे, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना तुझ्या गाडीच्या आवाजावरून कळेल. पत्र उघडं लिहितोय, कारण ग्रुपवर लिहिलेलं तू वाचत नाहीस आणि समोर बोलायला गेलं की तुझं ठरलेलं उत्तर येतं: ज्याला झेपत नाही त्यानं यायचं नाही.

तर मर्दा, आधी एवढंच सांग. सांगलीहून महाबळेश्वरला आपण कशासाठी निघालो होतो?

नुसतं महाबळेश्वर गाठायचं असतं तर पेठ नाक्यावर हायवे धरायचा, सातारा मागं टाकून वाईवरून पाचगणी चढायची, जेवणाच्या आत माणूस वर. आपण ठरवलं होतं नदीच्या उलट्या दिशेनं जायचं. जिचं पाणी सांगलीच्या नळाला आणि उसाला येतं त्या कृष्णेच्या काठानं वर जात राहायचं, उगम येईपर्यंत. औदुंबरला दत्ताच्या घाटावर पाय भिजवायचे. कराडला प्रीतिसंगमावर थांबायचं, जिथं कोयना आणि कृष्णा समोरासमोरून येऊन भेटतात आणि मग दोघी मिळून पूर्वेला वळतात, जिथं यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. साताऱ्याजवळ संगम माहुली, रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. तिथं वेण्णा कृष्णेला मिळते. तिथून कृष्णा सोडून वेण्णेच्या कडेनं कण्हेरचं धरण, मेढा, केळघर, आणि घाट चढून त्या पठारावर, जिथून दोघी निघतात. शेवटी क्षेत्र महाबळेश्वराला पंचगंगेच्या देवळात जायचं. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं पाणी तिथं एका गोमुखातून पडतं अशी श्रद्धा आहे. त्या पाण्याची ओंजळ भरून पुन्हा गाडीला किक मारायची. हा बेत तुझ्याच घरी, तुझ्या आईनं केलेल्या चहावर ठरला होता.

यातलं तू काय पाहिलंस? औदुंबरला तू हेल्मेटसुद्धा काढलं नाहीस. प्रीतिसंगमावर आम्ही खाली वाळूत उतरलो तेव्हा तू वर रस्त्यावर गाडी रेज करत उभा होतास, आम्ही लवकर यावं म्हणून. माहुलीला तर तू थांबलाच नाहीस. आम्ही संगमावरची देवळं पाहत होतो आणि तू साताऱ्यात कंदी पेढ्याच्या दुकानासमोर उभा राहून किती मिनिटांत पोचलास याचा व्हिडिओ टाकत होतास. तू किती मिनिटांत पोचलास हे आमच्यातल्या एकानंही विचारलं नव्हतं.

हे तुला क्षुल्लक वाटेल, म्हणून सांगलीकर म्हणून तुला आठवण करून देतो. पावसाळ्यात आपल्या घरांत महाबळेश्वराचा पाऊस किती झाला हे रोज पाहतात, कोयना, धोम आणि कण्हेर या धरणांच्या विसर्गाच्या आकड्यांबरोबर. तिथं पडलेलं पाणी आपल्याकडं येतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 45 फूट असताना. 2021 च्या जुलैत महाबळेश्वराला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस झाला आणि आपल्या गावात पुन्हा बोटी फिरल्या. तुझ्या गल्लीतल्या भिंतींवर त्या दोन्ही पुरांच्या रेघा अजून आहेत. ज्या डोंगरावरून ते पाणी उतरतं तो डोंगर एकदा डोळे भरून पाहावा, यासाठी ती वारी होती. तू तिची शर्यत केलीस. शर्यतीला कुणी प्रतिस्पर्धीच नव्हता आणि तरी तू ती आमच्यावर लादलीस.

आता केळघर घाटाकडं येतो. पत्र त्यासाठीच आहे.

लीड कुणी करायचं हे ठरलं तेव्हा तू आपणहून हात वर केलास. लीड म्हणजे काय हे तुला माहीत आहे, कारण नव्या पोरांना तूच ते सांगत असतोस. ग्रुपचा वेग सगळ्यात नवख्या गाडीवाल्याचा. नवखा लीडच्या लगेच मागं, म्हणजे पुढच्या वळणाला कसं झुकायचं, ब्रेक कुठं धरायचा, गिअर कुठं पाडायचा हे त्याला डोळ्यांसमोर दिसतं. सगळ्यांच्या शेवटी स्वीप, त्याच्याकडं पंक्चरचं सामान आणि प्रथमोपचाराची पिशवी. फाटा आला की पुढच्यानं थांबायचं, मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. प्रत्येकानं फक्त आपल्या मागची गाडी सांभाळली तर कितीही मोठा ग्रुप तुटत नाही. इतकी साधी रीत आहे ही.

मेढ्यापर्यंत ती रीत कशीबशी टिकली. मेढ्याच्या पुढं धुकं उतरलेलं दिसलं आणि तुला चेव आला. आपल्यातला सगळ्यात नवखा पोरगा तुझ्या मागं होता. घाट त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता. तू मूठ पिळलीस आणि दोन वळणांत दिसेनासा झालास. त्याला काय वाटलं असेल याचा विचार कर. मागं थांबावं तर पुढचा निघून गेला, पुढं जावं तर वाट दिसेना. आपण मागं राहिलो तर सगळ्यांचा खोळंबा होईल या संकोचानं त्यानं गाडी पळवली. नवा माणूस नेहमी संकोचानंच पडतो. ताशी 60 ला गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर जाते. धुक्यात वीस मीटरपुढचं दिसत नसेल तर जे दिसलं त्याचा विचार करायलाही वेळ उरत नाही, ब्रेक दाबणं लांबच राहिलं. एका वळणावर डोंगराच्या बाजूनं लाल चिखल रस्त्यावर वाहून आला होता. पुढचं चाक तिथं गेलं.

दरीच्या बाजूला गेलं नाही. डोंगराच्या बाजूच्या गटारात गेलं. यात तुझं कर्तृत्व शून्य आहे.

याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आंबेनळी घाट आहे. 28 जुलै 2018 ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातले कर्मचारी सहलीला महाबळेश्वरला येत होते. त्यांची बस तिथं दरीत कोसळली आणि बसमधला एकच माणूस वाचला. तीही मित्रांची सहल होती. त्या दिवशी मी घाटाच्या कडेला त्या पोराचं हेल्मेट काढत होतो तेव्हा माझ्या डोक्यात तीच दरी होती.

हासळीचं हाड मोडलं त्याचं. मोबाइलला रेंज नव्हती. दुधाचे कॅन घेऊन उतरणारा एक पिकअपवाला थांबला. त्यानं कॅन एका बाजूला सारले, आपल्या अंगावरचं घोंगडं पोराखाली घातलं आणि मेढ्यापर्यंत गाडी इतकी हळू नेली की पोरगा एकदाही ओरडला नाही. ना ओळख ना पाळख. पैसे विचारले तर रागावला. मागून येणाऱ्याला सांभाळायचं हे त्या माणसाला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तू दर वेळी लीड मागून घेतोस.

तू तेव्हा वेण्णा तलावावर भाजलेलं कणीस खात होतास. तुला तासाभरानं कळलं, आणि कळल्यावर तू पहिला प्रश्न विचारलास तो हा: गाडीचं काय झालं?

तुझ्या सायलेन्सरबद्दलही एकदा बोलायला हवं. कंपनीचा काढून तू तो भोंगा बसवलास तेव्हा आम्ही गप्प राहिलो नव्हतो, तू ऐकलं नाहीस. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर केंद्र सरकारनं 2001 च्या जानेवारीत पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्या जंगलात शेकरू राहतं, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. संध्याकाळी गवे रस्ता ओलांडतात. बिथरलेला गवा वळणावर अंगावर आला तर तुझ्या कितीतरी पट वजनाच्या त्या जनावराला तुझी गाडी कितीची हे कळणार नाही. आणि माणसांचं काय? पाचगणी हे निवासी शाळांचं गाव आहे. तिथली मुलं रविवारीही तिथंच असतात, आई-बापांपासून लांब, अभ्यासाला बसलेली. शाळा आणि रुग्णालयांभोवती 100 मीटरचा शांतता पट्टा ठेवण्याची तरतूद 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे आणि तिथली दिवसाची मर्यादा 50 डेसिबल. तू त्या शाळांच्या फाटकांसमोरून मुद्दाम गिअर पाडून, फटाके फोडत गेलास.

भिलारला तर आपण खास वळलो होतो. 2017 च्या मे महिन्यापासून ते पुस्तकांचं गाव आहे. तिथल्या लोकांनी आपल्या राहत्या घरांच्या खोल्या वाचकांना उघडून दिल्या आहेत, कुणाकडं कविता, कुणाकडं इतिहास. कुणीही यावं, कपाटातून पुस्तक काढावं, ओसरीवर बसून वाचावं. एक आजोबा नातीला शेजारी घेऊन वाचत बसले होते. तू अंगणासमोर गाडी उभी करून तीनदा रेज केलीस. नातीनं कानांवर हात ठेवले. आजोबांनी पुस्तक मिटलं आणि तिला आत नेलं. काही बोलले नाहीत ते. बोलायला हवे होते, म्हणून त्यांच्या वतीनं मी बोलतोय. असा सायलेन्सर लावून फिरणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 खाली गुन्हा आहे, दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स बंद होऊ शकतं. तुझ्याकडून तो दंड वसूल झाला तर मला आनंद होईल, हे तुझा मित्र म्हणूनच सांगतो.

सड्यावर गाडी घातलीस तेही विसरलो नाही. फोटोसाठी. सप्टेंबर होता, जांभ्या कातळावर बोटभर मातीत सीतेची आसवं फुलली होती, निळी, नखाएवढी. त्या मातीत पोषण इतकं कमी की ती वनस्पती पाण्यातले बारीक जीव पकडून जगते. तिथं एकदा चाक फिरलं की ती माती पुढच्या पावसात धुऊन जाते आणि खाली उघडा दगड राहतो. साताऱ्याच्या कासचं पठार 2012 साली पश्चिम घाटासोबत जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते याच फुलांमुळं. कासला गर्दी आहे, तिथं पहारा आहे. तू जिथं गाडी घातलीस तिथं पहारा नव्हता. तुझ्या चाकांच्या दोन रेघा मी पाहिल्या आहेत.

आणि परतताना पसरणी घाट. खाली वाई, धोमचं पाणी, आपली कृष्णा पुन्हा दिसायला लागली होती. एसटी चढत होती. अरुंद चढावर उतरणाऱ्यानं बाजूला थांबायचं आणि चढणाऱ्याला वाट द्यायची, असा देशाच्या वाहतूक नियमांतच नियम आहे, कारण भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलताना मागं घसरते. तू एसटीला थांबवलंस. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि आतल्या उभ्या बाया एकमेकींवर पडल्या. तू हात उंचावून निघून गेलास. मेढ्याला एका पोराला दवाखान्यात ठेवून आल्यावर, त्याच दिवशी, काही तासांत. इथं माझा संयम संपला.

तुला गाडी उत्तम चालवता येते, हे मी कधीच नाकारलं नाही. वळणात गाडी झोपवावी तर तूच. पण तुझ्याबरोबर निघालेली माणसं घरी परत आणणं हे लीडचं काम आहे आणि ते तुला जमलेलं नाही. म्हणून आम्ही बाकीच्यांनी बसून ठरवलंय ते तुला कळवतो. डिसेंबरात आपण पुन्हा जातोय, त्याच वाटेनं, कारण पंचगंगेचं देऊळ राहिलं. लीड तू करणार नाहीस. यायचं असेल तर कंपनीचा सायलेन्सर बसवून ये, निघायच्या आधी गाडी चालू करून दाखव, आणि माझ्या पुढं, शेवटून दुसरा चाल. प्रत्येक फाट्यावर थांबायचं. मूठ पिळून पुढं गेलास तर आम्ही तुझ्यासाठी थांबणार नाही आणि तुला शोधणारही नाही, तू सातारा रोडनं सरळ घरी जा.

त्याआधी एक काम आहे. त्या पोराचा हात अजून गळ्यात आहे. त्याच्या घरच्यांनी गाडी विकायला काढली आहे. त्याला वाटतंय की चूक त्याची होती, त्याला नीट चालवता आली नाही, आपल्यामुळं सगळ्यांची ट्रिप बिघडली. हे त्याच्या डोक्यात तुझ्या त्या एका वाक्यानं घातलंय: ज्याला झेपत नाही त्यानं यायचं नाही. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणी समजावून ते निघणार नाही, आम्ही करून पाहिलं. विश्रामबागेत राहतो, घर तुला माहीत आहे. दवाखान्याच्या खर्चातला तुझा वाटा घेऊन जा आणि त्याच्या वडिलांसमोर बोल.

मला उत्तर पाठवू नकोस.

तुझा,
स्वीपवरचा मित्र